मी पाहिलेला सांधा

माझ्या हाताने मला आयुष्यात एकदाच नकार दिला, आणि तोही सकाळी साडेअकरा वाजता, चहा पिऊन झाल्यावर, परळचा लख्ख उजेड खिडकीतून टेबलावर पडलेला असताना. म्हणजे अशक्तपणाची किंवा अंधाराची सबब सांगायलाही त्याने जागा ठेवली नाही. साल सत्तावन्न. समितीच्या मिरवणुकांचा गुलाल गटारांच्या कडेला अजून दिसत होता आणि आमच्या कॉलेजच्या कुंपणावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही अक्षरं पावसाळा झेलूनही टिकली होती. कॉलेजचं नाव सांगत नाही. तिथल्या शरीररचना विभागाचा मी चित्रकार, मनमोहन अजिंक्य. आडनावच असं, की हार मानणं बारशाच्या दिवशीच रद्द झालेलं. अठ्ठावीस वर्षं मी माणसाच्या पोटातलं, छातीतलं, कवटीतलं सगळं काढत आलो होतो, आणि निवृत्तीला चार महिने राहिले असताना डॉक्टर उर्मिला कोठारे यांनी माझ्यापुढे एक फोटो ठेवला. या बाई नुकत्याच विलायतेहून शिकून विभागात रुजू झालेल्या. आमच्याच प्रभू ज्ञातीतल्या, त्यामुळे मला ‘मास्तर’ म्हणायच्या आणि माझ्या थापांना मोकळेपणाने हसायच्या. फोटो पोस्टकार्डाएवढा, राखाडी. “ओळखा पाहू मास्तर, काय आहे?” मी म्हटलं, “भायखळ्याच्या बाजारात कुणीतरी पाय दिलेलं सीताफळ.” त्या हसल्या. “मेंदू आहे. उजेडाने नाही, इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहिलेला. चाळीस हजार पट मोठा. हे एका पेशीच्या तंतूचं टोक, बोंडासारखं फुगलेलं. ही दुसरी पेशी. आणि मधे ही...” “रेघ,” मी म्हटलं. “रेघ नाही मास्तर. फट.”

फट! केसाच्या जाडीचे चार हजार भाग करा आणि त्यातला एक उचला, एवढी. बाईंनी पेन्सिलीच्या टोकाने मला एकेक दाखवलं. अलीकडच्या बोंडात साबुदाण्यासारख्या गोल गोल पिशव्या, फटीच्या काठाशी दाटी करून बसलेल्या, जशी माणसं धक्क्यावर बोटीची वाट बघत बसतात. पलीकडचा काठ जाडसर, काळपट, ओठ मिटून धरल्यासारखा. मधे काही नाही. “निरोप इथवर येतो,” त्या म्हणाल्या, “पुढे तार नाही. या पिशव्यांतून द्रव्य सुटतं आणि ते पलीकडे पोचतं. आपण जे काही बघतो, आठवतो, बोलतो, ते सगळं असल्या कोट्यवधी फटी ओलांडत.” “आणि एखादी ओलांडलीच नाही तर?” “तर ती गोष्ट तुम्हाला आठवत नाही.” मला हे फार सोयीचं वाटलं. मग त्यांनी काम सांगितलं: याचा चार फुटी तक्ता करायचा, विद्यार्थ्यांसाठी, खाली माझं नाव, आणि संग्रहालयातला जुना तक्ता उतरवायचा. जुना म्हणजे माझाच, सदतीस सालचा, ज्यात तंतू थेट पलीकडच्या पेशीत शिरलेला आहे, नळाची तोटी नळाला बसावी तसा. “तेव्हा तुम्हाला काय दिसलं होतं हो मास्तर? साध्या भिंगातून हे दिसणं शक्यच नाही.” माझं तोंड माझ्या आधी निघालं. “अहो डॉक्टर, तेव्हाची भिंगं! सबनीस सरांनी खिडक्या लावून घेतल्या, मी बारा मिनिटं श्वास रोखला, आणि सांधा असा उठून दिसला, की मला त्याच्यावरचं झिलईचं तेजसुद्धा...” त्या हसत हसत वर्गावर गेल्या. मी कागद ताणून बसवला, अलीकडचं बोंड काढलं, पलीकडचा ओठ काढला, आणि मधली जागा सोडायची म्हणून हात उचलायला गेलो, तर हात उचललाच नाही. तो सरळ पुढे गेला आणि त्याने दोन्ही काठ जोडून टाकले. मी खोडलं. पुन्हा काढलं. पुन्हा जोडले. तिसऱ्या वेळी मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आणि पेन्सिलीचं टोक कागदावर थरथरत राहिलं, आडून बसलेल्या बैलाच्या कातडीसारखं.

या हाताचं शिक्षण ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत झालं. आमच्या प्रभूंच्या घरी रांगोळी म्हणजे दारापुढचं स्वस्तिक नव्हे. दिवाळीला माझी आई माजघरात असा गालिचा घालायची, की एकदा एका साहेबाने बूट काढून ठेवले आणि मग त्यावरून चालायला घाबरून दिवसभर उंबऱ्यातच उभा राहिला. (साहेब खरा, दिवसभर म्हणजे पाच मिनिटं.) सात वर्षांचा असल्यापासून मी तिच्या शेजारी उकिडवा बसून चिमटीतून पूड सोडायला शिकलो. चिमूट संपली की रेघ तुटते. नवी चिमूट घेऊन बरोबर त्याच ठिकाणी, वरून काही दिसू न देता, ती जोडायची. आईचा एकच नियम होता. “मनू, रेघ उघडी टाकायची नाही. उघड्या रेघेतून घरातलं बाहेर जातं.” काय जातं ते ती सांगत नसे. लक्ष्मी असेल, बोलणं असेल. बोटांना त्या गार पुडीचा स्पर्श आठवतो, आणि तुटलेली रेघ दिसली की ती जोडायची घाईही. दुसऱ्यांच्या अंगणातल्या रांगोळ्यासुद्धा मी शाळेत जाता जाता बोटाने पुऱ्या करायचो. एका म्हातारीने त्यासाठी माझ्या पाठीत केरसुणी घातली होती. असा हात घेऊन मी सूक्ष्मदर्शकापाशी आलो. आमच्याकडे नेत्रिकेवर बसवायचं एक लोलकाचं यंत्र होतं: डोळा लावला की आत मेंदूचा काप आणि बाहेर आपला कागद, दोन्ही एकावर एक दिसतात, आणि आपण नुसतं गिरवायचं. चांदीच्या द्रावणात रंगवलेला काप मधासारखा पिवळा असायचा, त्यात काळे तंतू. तंतू पेशीपाशी येतो, येतो, आणि मग ते सगळं धुरकटतं. तिथे काय आहे हे त्या भिंगातून कळायचं नाही. मला कळलं नव्हतं. हात गिरवत गिरवत धुरकट जागेपाशी आला आणि माझ्याशी सल्लामसलत न करता पुढे जाऊन पेशीला भिडला. एवढंच झालं होतं. चूक म्हणावी तर तेवढीच, आणि ती पुसायला खोडरबराची एक फेरी पुरली असती.

पण मागे हेरंब सबनीस सर उभे होते. आमचे विभागप्रमुख, मोठे विद्वान, पिळदार मिशांचे, आणि मेंदूतल्या साऱ्या पेशी म्हणजे एकच अखंड जाळं आहे या मताचे. जग तेव्हा ते मत सोडत चाललं होतं, त्यामुळे सर अधिकच कडवे झाले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून कागद पाहिला आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. “अजिंक्य, हे तुम्ही पाहिलंत? सांधा?” आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मला नाही म्हणता आलं असतं. पण समोरच्याचा चेहरा असा उजळला, की माझ्या जिभेखाली गुळाचा खडा विरघळायला लागतो; जन्मखोडच आहे ती. “पाहिलं सर,” मी म्हटलं. “तेल लावून बघायच्या मोठ्या भिंगाखाली, अगदी स्पष्ट.” सरांनी मला मिठी मारली. त्यांच्या कोटाला फॉर्मलिनचा वास होता. पंधरवड्यात तक्ता झाला, संग्रहालयात लागला, कोपऱ्यात माझं नाव. मी ती गोष्ट पुढे शेकडो वेळा सांगितली. दर वेळी श्वास रोखल्याची मिनिटं वाढत गेली. सांगता सांगता मला तो सांधा दिसायलाही लागला. गेल्या वर्षी गिरगावात गोळीबार झाला तेव्हा अश्रुधुराचं नळकांडं मी छत्रीच्या दांड्याने परत शिपायांकडे टोलवलं, हे मी ज्यांना सांगितलंय त्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे. मी त्या दिवशी घरात खिडक्यांना ओल्या चादरी लावत होतो. लोक ऐकतात, हसतात, चहा मागवतात. कुणाचं काय जातं? असं मी म्हणायचो. आणि म्हणताना मनाच्या एका कोपऱ्याकडे बघायचं टाळायचो, तिथे रामदास गमरे नावाचा विद्यार्थी हातात खडू घेऊन उभा असायचा.

तक्ता लागला त्याच वर्षीची, सदतीस सालची तोंडी परीक्षा. गमरे डिलाईल रोडच्या चाळीतला, बाप गिरणीत. त्याच्या वस्तीतून आमच्या कॉलेजात पोचलेला पहिला मुलगा. उंच, काटकुळा, इस्त्री नसलेला पण स्वच्छ कोट. मी तक्ते बदलायला खोलीत होतो. सर म्हणाले, तंतू आणि पेशी यांची भेट फळ्यावर काढ. त्याने तंतू काढला, पेशी काढली, आणि मधे बोटभर जागा कोरी ठेवून खडू खाली ठेवला. “पुरं कर,” सर म्हणाले. “पुरं झालं सर.” “तक्ता पाहिला नाहीस?” “पाहिला सर. कापही पाहिले. सांधलेलं दिसलं नाही.” तो उद्धट नव्हता, दुकानदाराला ‘मला हे माप बसत नाही’ सांगावं इतकं साधं तो बोलला. सरांच्या मिशा थरथरल्या. ते माझ्याकडे वळले. “अजिंक्य, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय की नाही?” गमरेही माझ्याकडे बघत होता. त्याच्या बघण्यात विनंती नव्हती. कुतूहल होतं, खरंच पाहिलं असेल या माणसाने तर आपल्यालाही कळेल, असं. मी म्हटलं, “पाहिलंय सर. शपथेवर.” खोलीत पंखा फिरत होता. त्याचं एक पातं इतरांपेक्षा मोठा आवाज करायचं. सर म्हणाले, “चार वर्षं शिकून चित्रकाराच्या निम्मीही नजर नाही. जा.” तो नापास झाला. सहा महिन्यांनी पुन्हा बसला. तेच सर, तोच प्रश्न, तीच कोरी जागा. शिष्यवृत्ती बंद झाली आणि तो गेला. पुढे म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर झाला, हे मला कळलं कारण दर वर्षी तो आपला वर्ग घेऊन आमच्या संग्रहालयात यायचा. पोरांना सगळी हाडं, सगळी बरणीतली मुलं दाखवायचा, आणि माझ्या तक्त्यापाशी आला की काही न बोलता पुढे जायचा. मी त्या दिवशी ठरवून दात दुखतो म्हणून सुट्टी घ्यायचो. एकदाच चुकून समोर आलो. त्याने नमस्कार केला. मी करंगळी दाखवून पळालो, शाळेतल्या पोरासारखा. वय त्रेपन्न.

तर आता, हात आडून बसल्यावर, मी कागद गुंडाळला आणि घरी आलो. राजलक्ष्मी, आमची मंडळी, कोलंबीचं भानोलं, म्हणजे आमच्याकडचा बेसनाचा तिखट केक, ओव्हनमधून काढत होती. मी पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. सर, शपथ, गमरे, सगळं. ती भानोल्याच्या वड्या पाडत राहिली. “अहो, ही नवीन दिसते,” ती म्हणाली. “पण यात तुम्ही वाईट आहात. आपल्या लेकीला आवडायची नाही.” “अगं, ही गोष्ट नाहीये.” “बरं. मग त्या मुलाचं पुढे काय झालं?” “तो आता मुलगा राहिला नाही, चाळिशीचा झाला. मास्तर आहे.” “आणि त्याला हे ठाऊक आहे?” “नाही.” तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं, तीस वर्षांच्या संसारात ती माझ्या बोलण्याकडे बघत आली होती, त्या दिवशी तोंडाकडे बघितलं. “मग मला काय सांगताय?” ती म्हणाली. “जेवून घ्या आणि तिकडे जा.” मला वाटतं, मी आयुष्यात एवढं मोठं वाक्य दुसरं ऐकलं नाही. जेवण मात्र मी नीट केलं. खोटं का बोलू, दोनदा वाढून घेतलं.

संग्रहालयाच्या भेटवहीत त्याचा पत्ता होता. रविवार सकाळ, लालबागला उतरलो, मिरची कुटणाऱ्या डंकांनी नाकाचा बंदोबस्त केला, आणि शिंकत शिंकत डिलाईल रोडची चाळ गाठली. वाटेत मी गोष्ट जुळवत होतो: सुरुवात कुठून करावी, सरांचा धाक किती दाखवावा, दिवा, बंद खिडक्या, माझं तरुण वय. तिसरा मजला, लांब बोळ, दोन्हीकडे दहा दहा दारं. गमरेच्या खोलीत भिंतीला बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी बुद्धाचं नवं चित्र, आणि बाकीच्या भिंतीवर फिकट चौकोन. गेल्या वर्षी धर्म बदलला तेव्हा देवांच्या तसबिरी उतरवल्या, त्यांच्या जागा. तो वह्या तपासत होता. म्हातारी आई, कौसल्याबाई, तांदूळ निवडत बसलेली. “या साहेब,” तो म्हणाला, जणू मी दर रविवारी येतो. मी बसलो नाही. खिशातून फोटो काढून त्याच्या हातात दिला आणि डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं तसं त्याला सांगितलं. तो फोटो दाराच्या उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिला. काय पाहत होता ते त्याच्या नखावरून कळत होतं. नख फटीवरून इकडून तिकडे, इकडून तिकडे. “सुंदर आहे,” तो म्हणाला. मग मी जुळवलेली गोष्ट सुरू केली, आणि पहिल्याच वाक्यात ती सोडून दिली. “गमरे, मी सांधा पाहिला नव्हता. मी खोटं बोललो. तुम्हाला फट दिसली होती, मला...” “मला फट दिसली नव्हती,” तो म्हणाला. “त्या भिंगातून कशी दिसेल? मला तिथे काय आहे ते दिसलंच नाही. न दिसलेलं काढायचं कसं, म्हणून जागा सोडली. सरांनी तिला चूक म्हटलं. तुम्ही आता तिला बरोबर म्हणताय. मी नुसतं लिहायचं थांबलो होतो साहेब.” त्याने फोटो परत दिला. “तुम्ही खोटं बोलताय हे मला तेव्हा वाटलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्या डोळ्यांत दोष असेल. पुढे दोनदा तपासून घेतले.”

तेवढ्यात तांदळाचा आवाज थांबला. “काय म्हनतात रे हे?” म्हातारीने विचारलं. “काही नाही आई. जुनं आहे.” “तुला नाय इचारलं. तुमी सांगा.” मी सांगायला लागलो: बाई, त्या काळी भिंगं अशी असायची, सर फार मोठे होते... “भिंगं नकोत. माजा रामा बरोबर होता का चुकलेला?” “बरोबर होता.” “नि तुमी?” “मी खोटं बोललो.” ती सूप बाजूला ठेवून उठली. तिचे गुडघे वाजले. माझ्यापेक्षा वीतभर लहान बाई, पण ती जवळ आली तसा मी मागे सरून दाराला लागलो. “दुसऱ्या खेपेला हा परीक्षेला निघाला, तवा मी याला म्हनाले, सगळे जोडतात तर तू पन जोड बाबा. हा नाय म्हनाला. मी याच्याशी वर्सभर बोलले नाय. याचा बाप गेला तो ह्याला हट्टी म्हनत गेला. आख्खा मजला म्हनत होता, गमऱ्याच्या पोराला शिकून अक्कल नाय आली.” तिचा आवाज चढला नव्हता. “आनि तू आज येतोस?” माझ्यापाशी प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं असतात, एक खरं, दोन चांगली. त्या वेळी मी फोटो खिशात घालू लागलो. “आई, राहू दे ना,” रामदास म्हणाला. “तू वह्या बघ,” म्हातारी म्हणाली, आणि तिने माझं मनगट धरलं. तेच, जे मी स्वतः धरून पाहिलं होतं. तिच्या हाताला तांदळाची पांढरी पूड होती. “चल. मजल्याला सांग.”

तर असा मी, ठाकूरद्वारच्या अजिंक्यांपैकी, धोतर-कोटातला, डिलाईल रोडच्या तिसऱ्या मजल्यावर दारोदार फिरलो. नुकतेच समितीचे लोक मतं मागत असेच फिरून गेले होते, त्यामुळे पहिल्या दारातल्या माणसाने, बुधाजी नावाच्या, गिरणीत माग चालवून निवृत्त झालेल्या साचेवाल्याने, मला पाहताच म्हटलं, “दिलं की मत! आता काय?” मी त्याला सांगितलं, आणि सवयीने सबनीस सरांच्या मिशा आणि बंद खिडक्या घालून सांगितलं. तो रंगून ऐकू लागला. मला बरं वाटू लागलं. “खिडक्या नकोत,” म्हातारी मागून म्हणाली, “तू काय केलंस तेवडं सांग.” दुसऱ्या दारात मी मिशा सोडल्या. तिसऱ्यात माझं तरुण वय सोडलं. पाचव्या दारातल्या गंगुबाईंनी विचारलं, “मंग आता त्याला डॉक्टर करनार का?” आणि मला नाही म्हणावं लागलं, नुसतं नाही, पुढे काही न जोडता, हे मी आधी कधी केलेलं नव्हतं आणि ते फार अवघड असतं असं नाही, पण त्यानंतर जी शांतता येते तिच्यात उभं राहावं लागतं. दहाव्या दारानंतर मी बोळ ओलांडला आणि दुसरी रांग सुरू केली. एकाने शिवी दिली. एकाने पाणी दिलं. एक म्हातारा काही न बोलता उठला, गमऱ्यांच्या खोलीपाशी गेला आणि दारातूनच “रामदास” एवढी हाक मारून तिथे उभा राहिला. पुढे त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाही सुचलं नसावं. डॉक्टरबाईंच्या तक्त्याचं म्हणाल तर तो मी पुढच्याच आठवड्यात पुरा केला, फट आणि पिशव्या आणि काळा ओठ, सगळं नीट. हात निमूट चालला. पण त्या रविवारी तक्त्याचा विचारही डोक्यात नव्हता. पंधराव्या दारापर्यंत माझी गोष्ट तीन वाक्यांची झाली होती. सतराव्यात दोन.

शेवटच्या खोलीत एक तरुण बाई पोळ्या लाटत होती. तिने पदर सावरला आणि आमच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “रामदास बरोबर होता. मी खोटं बोललो.” ती म्हणाली, “कोन रामदास?” महिन्यापूर्वी साताऱ्याकडून आलेली, तिला कुणाचंच काही ठाऊक नव्हतं. मी सुटलो असं वाटून मागे वळलो. कौसल्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, दम लागलेला, पाय पसरलेले, आणि त्यांनी शेजारची फरशी हाताने थोपटली. “बस,” त्या म्हणाल्या. “हिनं रामाला कदी वाईट म्हटलेलं नाय. हिला पयल्यापासून सांग.” मी बसलो. फरशी गार होती. बाईने तवा उतरवून ठेवला. मी म्हटलं, “ताई, माझं नाव मनमोहन अजिंक्य. मला एक गोष्ट दिसली नव्हती, आणि मी ती दिसली असं सांगितलं.”